गोदीचे कोबी

गोदीला मी मांडी घालून बसलेली कधी पाहिली नाही. ती उकिडवी बसते, आणि तीही अशी, की कुणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये. चहा दिला तर दारात उभी राहून पिते, एक डोळा रस्त्यावर. मी तिला कितीदा म्हटलं असेल, बाई, टेक की जरा, तू बसलीस म्हणून जव्हारचा बाजार बंद पडणार नाही. ती "हां भाभी" म्हणते आणि कप ठेवून निघून जाते.

जामसरच्या एका पाड्यावर तिचं घर. भाताचं आणि नागलीचं थोडं शेत, कोंबड्या, आणि सोम्या नावाचा नवरा. तो तिच्या अगदी उलट, एकदा बसला की बसला. मनात येईल तेव्हा गोदी जीपने जव्हारला येते आणि आमच्या दुकानासमोर भाजीची पाटी मांडते. थंडीत वालाच्या शेंगा, मुळा, पावसाळ्यात रानभाज्या. माझे यजमान मेहबूब शिंपीकाम करतात. पुढे त्यांचं दुकान, मागे आमचं घर. पाटी मांडून झाली की गोदी मला सांगते, "भाभी, बघ जरा, मी आलेच." आलेच म्हणजे कधी, हे तिलाही ठाऊक नसतं. त्यामुळे तिची निम्मी भाजी आजवर मीच विकलेली आहे. नवी गिऱ्हाइकं मला भाजीवाली समजून भाव करतात. मेहबूबना त्याचं हसू येतं, मला येत नाही.

ती सगळ्यांना अरेतुरे करते. मला, मेहबूबना, कचेरीतल्या साहेबांना, डेपोतल्या कंट्रोलरला. पाड्यावरची बोलीच तशी आहे, त्यात उद्धटपणा नाही. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं. माझंही फिरलं होतं. आता तिने मला चुकून "तुम्ही" म्हटलं तर तिला ताप आलाय की काय असं वाटेल.

तिने किती उद्योग केले आणि किती अर्ध्यावर सोडले ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. शिरपामाळावर लोक फिरायला येतात म्हणून तिथे चहाची टपरी टाकली. गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं हिच्याच्याने होईना. गाडी येते का बघायला ती खाली रस्त्यावर उतरायची, तोवर आलेली माणसं रिकामी टपरी बघून निघून जायची. बायकांबरोबर नागलीचे पापड केले, तर वाळत घातलेले पापड दर घटकेला उलटून बघायची, त्याचे तुकडे व्हायचे. बायकांनी हात जोडले. आणि भाताची आवणी झाली की हिचा ठरलेला उद्योग म्हणजे चार रोपं उपटून मूळ धरलं का ते बघणं. सोम्या मला एकदा म्हणाला होता, "भाभी, हिच्या हातानं लावलेलं भात जगतं ना, ते हिच्या हातातून सुटलं म्हणून जगतं."

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. हर्षदाच्या बाबतीत येत नव्हतं.

हर्षदा तिची एकुलती एक मुलगी. लहानपणी आश्रमशाळेत घातली. पोरगी तिथे रमली होती, मैत्रिणी झाल्या होत्या, पण गोदीला चैन पडेना. "नुसतं बघून येते" म्हणून गेली आणि पोरीला कडेवर घेऊन परत आली. समजावून परत पाठवली, परत घेऊन आली. असं किती वर्षं चाललं. दहावी व्हायला पोरीला जास्तीची वर्षं लागली ती अभ्यासामुळे नाही, आईमुळे लागली. पुढे ठाण्याला एका कँटीनमध्ये काम मिळालं, चांगल्या घरी राहायची सोय झाली. एक दिवस पोरीने फोन उचलला नाही, एवढ्यावरून ही बाई पहाटेची गाडी पकडून ठाण्याला गेली आणि तिचं बोचकं बांधूनच आली. पोरीचा फोन पाण्यात पडला होता, बाकी काही नाही.

या दिवाळीनंतर आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या एका प्रशिक्षणातून हर्षदाला नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात पाठवायचं ठरलं. बेकरीच्या खात्यात शिकायचं, जमलं तर तिथेच नोकरी. निघायच्या दिवशी मी डेपोवर पोचवायला गेले होते. गाडी लागली, गोदीने पोरीच्या पिशवीचा बंद तिसऱ्यांदा सोडून बांधला. तेव्हा हर्षदा म्हणाली, "आई, या वेळी मला न्यायला यायचं नाही. तू आलीस तर मी येईन, नाही म्हणणार नाही. पण मग मी पुन्हा कुठे जाणार नाही. तुझ्याशेजारी पाटी घेऊन बसेन. कायमची."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. ती पोर बोलते ते करते, हे मला माहीत आहे, आणि गोदीलाही. गाडी नाशिकच्या रस्त्याला लागेपर्यंत गोदी तिच्यामागे चालत राहिली. मग वळून मला म्हणाली, "भाभी, मना धरून ठेव."

मी हिला काय धरणार. माझ्याने शिलाई मशीनचा पट्टा धरवत नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पाय पोळल्यासारखी हिंडायची. नाशिकची गाडी लागली की डेपोवर जाऊन उभी राहायची, गाडी गेली की परत. फोन मात्र रोज. आणि फोन नेहमी स्पीकरवर, कारण कानाला लावून बोलणं तिला जमत नाही, ती फोन तोंडासमोर आरशासारखा धरते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते. पहिला प्रश्न ठरलेला. "ताप हाय का?"

"नाही आई, ताप नाही."

"खरंच नाय?"

मला या तापाचा वैताग यायचा. जेवलीस का विचार, झोपलीस का विचार. पण नाही, ताप.

एका फोनवर गोदीने विचारलं, तिथं दिवसभर करते तरी काय? हर्षदा म्हणाली, "सध्या शू शिकतेय."

गोदीने माझ्याकडे बघितलं. मी गोदीकडे बघितलं. दुकानात मेहबूबनी मशीन थांबवलं.

"काय शिकते?"

"शू, आई. शू पेस्ट्री. फ्रेंच लोकांची."

"ते शिकवायला नाशिकला नेलं?" गोदी म्हणाली. "ते तर तू दीड वर्षाची होतीस तेव्हाच शिकलीस."

मेहबूब दुकानातून उठून रस्त्यावर गेले, कारण समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्यांना हसू आवरेना. हर्षदाही हसली, मग तिने समजावलं. मैद्याचा फुगा असतो, आत पोकळ, आत गोड क्रीम भरतात. त्यांच्या भाषेत शू म्हणजे कोबी. फुगून वर तडकलं की गड्ड्यासारखं दिसतं, म्हणून. अवघड असतं, भल्याभल्यांचं फुगलेलं खाली बसतं. हे जमलं तर बेकरीत ठेवतील, नाही तर भाज्या चिरायच्या विभागात.

"कोबी तर कोबी," गोदी म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव कोबी पडलं.

दुसऱ्या दिवशी ती पाटीत भाजीऐवजी अंडी घेऊन आली. माझ्या मुलाने इमरानने, तो भिवंडीला असतो, मला एक जुना ओव्हन पाठवला आहे. ईदला नानकटाई करते मी त्यात. एरवी त्याच्यावर बटणांचे डबे असतात. गोदीने डबे खाली ठेवले आणि म्हणाली, "भाभी, आपण कोबी करायचे."

"का? तुला खायचेत?"

"तिथं जाऊन बघायचं नाय ना? मग हितं करून बघते. ती दिवसभर काय करते ते मना कळलं तर जीव थाऱ्यावर ऱ्हाईल."

 मी बटणांचे डबे कपाटात टाकले.

कृती हर्षदाने फोनवर सांगितली होती. पाण्यात लोणी आणि मीठ घालून उकळायचं, त्यात मैदा एकदम ओतून घोटायचा, मग अंडी मिसळायची, गोळे घालायचे, भाजायचे. गोदीला हे ऐकूनच धीर आला. म्हणाली, ही तर उकड. तिच्या हातची नागलीची भाकरी मी खाल्लेली आहे, उकड कशी काढावी ते तिला शिकवायला नको. लोणी उकळलं, मैदा पडला, उलथण्याने गरगर फिरवला, आणि गोदीने सवयीने भांड्यावर ताट झाकलं आणि गॅस बारीक केला. दणकून वाफ येऊ दिली. मीही गप्प होते, कारण मलाही तेच बरोबर वाटलं. उकडीवर झाकण नाही म्हणजे काय? मग ताट काढलं, ताटाला धरलेलं पाणी पिठातच पडलं, हिने हात पाण्यात बुडवून पोळत पोळत पीठ मळलं आणि गरम असतानाच अंडी फोडली. थोड्या अंड्याची भुर्जी झाली, बाकीचं पीठ पातळ. दुधाची पिशवी धुऊन, कोपरा कापून, तिच्यातून गोळे घातले. ते ताटलीत पसरले, एकमेकांना भेटले, आणि भाजून निघालं ते जाड घावन.

मेहबूबनी एक तुकडा खाल्ला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पण हे काय आहे?"

संध्याकाळी हर्षदाने व्हिडिओवर ते घावन बघितलं. "आई, झाकण ठेवलंस का?"

"मग? उकड हाय ना."

पोरगी अशी हसली की तिच्या मागच्या मुली बघायला आल्या. मग म्हणाली, "ही उकड नाही आई. उकडीत पाणी जिरवायचं असतं, यातलं पाणी उडवायचं असतं. उघड्या भांड्यात परतत राहायचं. तळाला पातळ पापुद्रा धरला की उतरवायचं. गार होऊ द्यायचं, मगच अंडी, एकेक करून. आणि आपली गावठी अंडी लहान असतात, तेव्हा मोजू नको. पीठ उलथण्यावरून जड ओघळलं की थांब."

"वाफ दिली नाय तर फुगणार कशानं?"

"वाफ आतच तयार होते. वरून द्यावी लागत नाही. तू फक्त दार उघडू नको. मध्ये उघडलंस की बसतात. मग काही केलं तरी उठत नाहीत."

परतायचं काम गोदीला भलतंच मानवलं. हात हलता राहतो, बघायला मिळतं, उभं राहायला मिळतं. पापुद्रा धरायचा म्हणजे काय ते तिला दुसऱ्याच खेपेला कळलं. क्रीमचं काम माझ्याकडे. दूध, साखर, अंड्याचा बलक, कॉर्नफ्लोर, थोडा इसेन्स, सारखं ढवळायचं. फिरनी करणाऱ्या हाताला त्यात अवघड काही नव्हतं. माझी क्रीम पहिल्यांदाच उत्तम झाली, हे मी सगळ्यांना सांगते आणि सांगणार.

घोडं अडलं ते दाराशी. माझ्या ओव्हनची काच धुरकटलेली, आतला दिवा कधीचा गेलेला, बाहेरून काही दिसत नाही. दार लावलं की आपण आणि लोखंडी पेटी. गोदीची घालमेल सुरू. आधी वास घ्यायची. मग कान लावायची. मग स्वयंपाकघरातून ओटीवर, ओटीवरून स्वयंपाकघरात. मग हात दाराकडे जायचा. मी ओरडायची, "गोदे!" हात मागे यायचा. मी जरा क्रीमकडे वळले की दाराचा आवाज.

"नुसतं बघितलं भाभी. बोटभर उघडलं."

बोटभर उघडलेल्या दारातून कोबी बसताना मी स्वतः बघितले आहेत. टम्म फुगलेले, सोनेरी व्हायला लागलेले, आणि डोळ्यांदेखत सुस्कारा टाकून खाली. रागाने माझं डोकं भणाणायचं. लोणी काय फुकट येतं? एकदा मी दुकानातून परकराची नाडी आणली आणि दाराची मूठ करकचून बांधली. गोदीने ती सोडली. गाठ सोडण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

त्या दिवशी मी तिला नको ते बोलले. म्हटलं, "तुझ्या हाताला खाज आहे. पोरीचंही असंच केलंस. जरा वर यायला लागली की दार उघड, जरा वर यायला लागली की दार उघड."

गोदी उकिडवी बसली, ओव्हनकडे पाठ करून. 

"भाभी, मना एक भैन व्हती," ती म्हणाली. "फागी. माझ्याहून बारकी."

फागीला एका वर्षी काकाबरोबर वीटभट्टीवर पाठवली होती, भिवंडीकडे. विटा उलटायला बारकी पोरं लागायची. कुणाच्या तरी हाती निरोप आला, फागीला ताप आहे. बाप म्हणाला, ताप काय, उतरेल, भाताची झोडणी संपली की जाऊन येतो. गोदी म्हणत होती, आत्ता चल. ती तरी केवढी होती तेव्हा. कोण ऐकणार. झोडणी संपल्यावर बाप गेला, तोवर काकाने सगळं उरकलं होतं. फागीची एक ओढणी घेऊन बाप परत आला.

"मी गेले असते तर काय झालं असतं ते मना ठाव नाय," गोदी म्हणाली. "पन कुनीतरी बघायला जायला पायजे व्हतं. कुनी दारच नाय उघडलं, भाभी."

इतकी वर्षं मी तिचा चहा, तिची पाटी, तिची भाजी सांभाळली, आणि हे मला माहीत नव्हतं. मला तिच्या त्या तापाच्या प्रश्नाचा वैताग यायचा. मी उठून चहा केला. तो तिने उभ्यानेच प्यायला.

यानंतर काही दिवस ती आलीच नाही. मी म्हटलं, गेली नाशिकला. मेहबूबनी सोम्याला फोन लावून विचारलं, तर ती वावरात होती, कोरड्या वावरात, बांध नीट करत. सोम्या म्हणाला, "एकच बांध रोज घालते."

मग एका दुपारी आली, अंडी घेऊन. आल्या आल्या पदर खोचला आणि लोणी वितळायला ठेवलं. पीठ परतलं, गार केलं, अंडी मिसळली, पिशवीतून गोळे घातले. हात सराईत झाला होता. ओव्हन तापला होता. तिने ताटली आत सरकवली, दार लावलं आणि स्वतःहून हात मागे बांधून उभी राहिली. मी बलक फेटायला घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षदाची वेळ नव्हती ही.

"ताप हाय का?" गोदी ओरडली.

पलीकडून आधी नुसतं रडणं. मग, "आई, मला न्यायला ये."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. 

"ताप हाय का, आधी सांग."

"नाही."

"कुनी मारलं? कुनी हात लावला?"

"नाही गं. तसं काही नाही." पोरगी हुंदके देत सांगत होती. कोठीच्या मागे लपून बोलत होती बहुतेक, आवाज दबका होता. मनगट ताटलीला भाजलं होतं, थोडंसं, मलम लावलं होतं. पण तिची अख्खी ताटली बसली. मोठ्या शेफनी सगळ्यांसमोर ती कचऱ्याच्या डब्यात उलटी केली आणि म्हणाले, पुन्हा कर, आत्ता, नाही तर उद्यापासून कांदे सोल. सगळे बघत होते. "मला नाही जमणार आई. मला इथे राहायचंच नाही. तू ये. मी पिशवी भरते."

गोदी फोन तोंडासमोर धरून उभी होती. मला वाटलं, ती आता पळत सुटणार. डेपो तो काय, हाकेच्या अंतरावर. नाशिकची दुपारची गाडी लागायची वेळही झाली होती. आणि खरं सांगते, मलाच राहवत नव्हतं. आईच्या काळजाला पाझर फुटावा असंच रडत होती ती पोर. मीच म्हटलं, "जा गोदे. जा तू. इथलं मी बघते."

गोदीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फोनला विचारलं, "बसले कशानं? दार कुनी उघडलं?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "मीच. मला बघायचं होतं, फुगले का."

 गोदीचे ओठ हलत होते. मी तिला पंधरावीस वर्षं ओळखते, पण असा चेहरा तिचा मी बघितला नव्हता. कुणीतरी तिची स्वतःची वस्तू तिच्या हातात आणून द्यावी आणि तिला ती ओळखू यावी, तसं काहीतरी.

"हर्षे, आयक," ती म्हणाली. "माझे कोबी आत हायेत. आत्ताच ठेवलेत. ते भाईर निघाले की मी तुना फोन करते. तवा सांग. तवाबी ये म्हनलीस तर मी येते, हाय तशी येते. पन आत्ता नाय."

"आई..."

"दार लावलंय मी," गोदी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती बसली. ओव्हनसमोर, फरशीवर, मांडी घालून. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. मला काही सुचत नव्हतं. मी भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. बाहेर डेपोच्या बाजूने गाडीचा हॉर्न ऐकू आला, ती नाशिकचीच असणार. गोदीची मान तिकडे वळली आणि परत आली. मेहबूब दारात येऊन उभे राहिले, परत गेले, मशीन चालू केलं, बंद केलं. मला राहून राहून वाटत होतं, पोरीने पिशवी भरली असेल, ती निघाली असेल, एकटी रडत कुठल्या तरी स्टँडवर उभी असेल, आणि आम्ही इथे मैद्याचे गोळे राखत बसलोय. काय अर्थ आहे याला? निदान हे तरी नीट होतायत का बघावं, म्हणून मी ओव्हनकडे गेले आणि दाराच्या मुठीला हात घातला.

गोदीने माझं मनगट पकडलं. असं पकडलं की बांगडी रुतली.

"भाभी," ती म्हणाली, "बस."

मी बसले तिच्याशेजारी.  तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पुन्हा मांड्यांखाली दाबल्यामुळे ती ते तसंच वाहू देत होती. मी माझ्या ओढणीने पुसलं.

वास बदलला. आधी लोण्याचा होता, मग अंड्याचा, मग भाजल्याचा. गोदी तरीही उठली नाही. वास पुरता खरपूस झाला तेव्हा तिने हात बाहेर काढले, ते मुंग्या येऊन बधिर झाले होते, झटकले आणि दार उघडलं.

फुगले होते. सगळे. काही वाकडे, एक तर शेजाऱ्याला चिकटलेला, पण टम्म, वरून तडकलेले, कोबीच्या बारक्या गड्ड्यांसारखे. मी "माशाअल्ला" म्हटलं. गोदीने ताटली ओट्यावर ठेवली आणि वाट बघितली. बसले नाहीत. मेहबूबनी दाभण आणून दिला, हर्षदाने सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं, आतली वाफ जाऊ दिली. तरी बसले नाहीत.

मग गोदीने फोन लावला. वाजत राहिला. पोरीने उचलला नाही.  गोदीने फोन ओट्यावर ठेवला, त्याच्याकडे बघत उभी राहिली, पुन्हा लावला नाही. ठाण्याला पळालेली हीच ती बाई, हे मला कळत होतं आणि पटत नव्हतं.

मी राहिलेली क्रीम शिजवली, ती गार होत आली तेव्हा फोन वाजला.

"आई," हर्षदाचा आवाज बसका होता, पण रडका नव्हता. मागे भांड्यांचा खणखणाट. "फुगले का?"

"फुगले."

"बाहेर काढल्यावर बसले नाहीत ना?"

"नाय बसले."

"दार नाही उघडलंस?"

"नाय. भाभी उघडीत व्हती."

मी ऐकून घेतलं.  मग हर्षदा म्हणाली, "बरं. ठेवते मग. माझे पण आत आहेत."

फोन बंद झाला. गोदीने एक कोबी उचलला, मी त्यात पिशवीने क्रीम भरली, तिने तो अर्धा मोडून मला दिला. आम्ही खाल्ला. गोड होता, हलका होता, भाकरीसारखा पोट भरणारा नव्हता. क्रीम तिच्या नाकाला लागली होती. ती एकदम थांबली.

"भाभी, ताप हाय का ते इचारायचंच ऱ्हायलं."

"मग लाव की परत," मी म्हटलं.

तिने फोन हातात घेतला. बघितला. मग पदराला पीठ पुसलं आणि फोन पुन्हा ओट्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिचे आत हायेत."